तुटक्या दात्याचं रीळ

मासे धरायचं रीळ उघडायला अक्कल लागत नाही. मी स्वतः उघडलेलं आहे, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर घर. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मुंबईच्या मेव्हण्याने मला गळाची काठी आणि रीळ भेट दिलं. बहिणीच्या नवऱ्याने रविवारी घरात बसू नये, एवढाच त्याचा हेतू असावा. मी दर रविवारी माणिकडोहच्या धरणावर जायला लागलो. माझ्या गळाला सर्वात जास्त वेळा काय लागलं असेल, तर माझीच पँट. पण रीळ फिरवताना जो एक ऐटबाज आवाज यायचा, त्यासाठी मी पँटी फाडून घ्यायला तयार होतो.

पुढे रिळात वाळू गेली आणि तो ऐटबाज आवाज जात्यात खडे घातल्यासारखा झाला. मग एका रविवारी मी पेपर पसरला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण काढलं. पहिल्या झटक्याला एक स्प्रिंग उडाली ती थेट शोभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पोह्यांच्या बशीत. बाकीचे भाग शाळा सुटल्यासारखे आपणहून बाहेर आले. संध्याकाळपर्यंत मी ते सगळे परत कोंबले. तीन उरले. रीळ मात्र आधीपेक्षा हलकं फिरत होतं! मला वाटलं, आपण कुकरवर चमचा फुकट देतो, तसे कंपनीवाले दोन-तीन भाग वरून देत असतील. मी ते खिशात टाकले.

पुढच्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा बरा मासा लागला. त्याने ओढ दिली आणि माझ्या हातातली मूठ उलटी फिरायला लागली. विमानाचा पंखा फिरतो तशी. माझ्या बोटांच्या पेरांवर तिने जी काही टिपरी वाजवली, की मासा राहिला बाजूला, मीच पाण्यात बसलो. ज्या कंपाउंडरने बोटांना पट्टी बांधली, तो म्हणाला, “बोटं व्हतील बरी. रिळाला सिस्टरकडं न्या.”

सिस्टर म्हणजे वत्सला सिस्टर. साऱ्या जुन्नरात ‘सिस्टर’ म्हटलं की याच. त्यांनी ऑपरेशन थिएटरात उभी हयात काढली होती आणि मोठमोठे सर्जन त्यांच्यासमोर हातमोजे नीट घालायचे, अशी ख्याती होती. आता निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त कागदोपत्री. कडक इस्त्रीची फिकी साडी, खांद्याला पिनेने अडकवलेलं उलटं घड्याळ आणि समोरच्या माणसाला कुठे कापायचं याचा अंदाज घेणारी नजर.

मी रीळ पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही.

“आदी कुणी उघडलंय का?”

“मीच.”

“मग ह्यो पेशंट न्हाई. पोलीस केस हाय.”

मी खिशातून ते तीन भाग काढून दिले. त्यातल्या एका बोटभर खिटीकडे त्यांनी पाहिलं आणि मग माझ्या पट्टीकडे. “ही खिटी मूठ उलटी फिरू देत न्हाई. तुमी हिला काढून खिशात घातली. शेठ, जिन्याचा कठडा काढून कपाटात ठिवता का घरी?”

त्या दिवसापासून मी ‘शेठ’ झालो. एवढ्या अपमानाने ती पदवी मला दुसऱ्या कुणी दिली नव्हती. तरी पुढे दुकान बंद केलं की मी त्यांच्या हाताखाली जायला लागलो.

त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल होतं. त्यावर उकळून पांढरी केलेली जुनी चादर. बाजूला एनॅमलचा ट्रे, चिमटे, कापूस गुंडाळलेल्या काड्या, दात घासायचे जुने ब्रश, रॉकेलची वाटी, शिलाई मशीनचं तेल आणि ग्रीसचा डबा. टेबलाचे नियम होते. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. जो भाग निघेल तो डावीकडून उजवीकडे ओळीत मांडायचा आणि बसवताना उजवीकडून सुरुवात करायची. झाकण लावण्याआधी ट्रे रिकामा आहे हे दोघांनी मोठ्याने म्हणायचं. आणि टेबलावरचं काहीही कुणाच्या खिशात जाणार नाही. हा शेवटचा नियम खास माझ्यासाठी नव्याने झाला होता.

पण माझे डोळे विस्फारले ते स्प्रिंगच्या वेळी. जिथे स्प्रिंग असेल तिथे त्या साडीची पारदर्शक पिशवी घ्यायच्या, रीळ पिशवीत, दोन्ही हात पिशवीत, आणि आतल्या आत झाकण काढायच्या. स्प्रिंग उडायची, पिशवीला आपटायची आणि मुकाट्याने खाली पडायची. मी पोह्यांच्या बशीची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “पळणारी चीज हाय म्हटल्यावर आदी दार लावावं, मग हात घालावा.” एवढं साधं. तरी ते हात पिशवीत फिरताना बघून मला काचेच्या पेटीतल्या बाळाला हाताळणाऱ्या हातांची आठवण झाली. वाळूचा एकेक कण त्या असा काढायच्या, की वाळूलाही दुखू नये.

आता गंमत अशी, की या बाईंनी जन्मात मासा धरला नव्हता. खातही नव्हत्या. माशाचा वास आला की नाकाला पदर.

मग हा उद्योग कशासाठी? त्याचं उत्तर त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून आरामखुर्चीत बसलेलं असायचं. भाऊसाहेब, त्यांचे यजमान. पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते. उंचापुरा, मिशाळ, गप्पिष्ट माणूस. धरणावर त्यांच्याइतका लांब गळ कुणी फेकत नसे आणि त्यांच्याइतक्या लांब थापाही कुणी मारत नसे, असं जुने लोक सांगायचे. निवृत्तीनंतर वर्षभरात अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले होते, प्रयत्न केला तर थोडं बोलतील, डावा हात उत्तम आहे. पण प्रयत्न करायचाच नाही, असं भाऊसाहेबांनी ठरवलं होतं. व्यायामाला हात लावला की डोळे मिटायचे. घास भरवला तर खायचे, न भरवला तर मागायचे नाहीत.

“मानूस आजारानं जात न्हाई,” सिस्टर एकदा म्हणाल्या, “मन उठलं की जातो. म्या वॉर्डात बगितलंय. ह्यांचं मन उठाय लागलंय.”

कुणीतरी एकदा रीळ घेऊन आला होता, भाऊसाहेबांना दाखवायला. त्याने ते फिरवलं तेव्हा भाऊसाहेबांनी मान वळवली, कपाळाला आठी घातली आणि डाव्या हाताचं बोट आडवं हलवलं. आवाज बरोबर नाही! महिनोन्‌महिने कशालाच हो-नाही न म्हणणारा माणूस एका खरखरीला नाही म्हणाला होता. सिस्टरांनी ते रीळ त्याच दिवशी ठेवून घेतलं.

तेव्हापासूनची ही पद्धत. सिस्टर रीळ उघडायच्या, धुवायच्या, बसवायच्या. मग भाऊसाहेबांच्या पाठीमागे जाऊन त्यांच्या कानाशी धरून सावकाश फिरवायच्या. त्यांचं बोट वर-खाली हललं तर पास. आडवं हललं तर परत टेबलावर. आम्हाला दोघांना रेशमासारखा वाटणारा आवाज ते नापास करायचे आणि उघडल्यावर आत खरंच कुठेतरी ग्रीस चुकलेलं निघायचं. सिस्टर चिडायच्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळायचा. “बगितलंत? डोकं एकदम शाबूत हाय!”

गावाला वाटायचं, सिस्टर रिळं दुरुस्त करतात. रिळं निमित्ताला होती, दुरुस्ती खुर्चीतल्या माणसाची चालली होती.

हळूहळू लांबून रिळं यायला लागली. मंचरचा एक कांद्याचा व्यापारी गाडी घेऊन आला. दहा बोटांत अंगठ्या, हातात विटेएवढा मोबाईल. मोबाईल तेव्हा नवे होते आणि लोक ते दिसतील असे धरायचे. “बाई, जास्त उघडझाप नको,” तो म्हणाला, “वरनं जरा ग्रीस लावून द्या. गाडी चालूच हाय.”

“वरनं मलम लावून आपेंडिस बरा होत न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “अंगठ्या काडा. हात धुवा.”

“मी कशाला?”

“तुमचा पेशंट हाय ना? मग तुमीच ट्रे धरा.”

आणि त्याने धरला! अंगठ्या काढताना त्याला साबण लागला, ते निराळं. मधेच मोबाईल वाजला. तो उठायला लागला तशा सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “पोट उघडं टाकून कुणी फोन घेत नसतं.” मोबाईल वाजून वाजून थकला. बाहेर गाडी घरघरत होती, ती ड्रायव्हरने आपणहून बंद केली. शेवटी रीळ भाऊसाहेबांच्या कानापाशी गेलं आणि बोट वर-खाली झालं, तेव्हा त्या व्यापाऱ्याने सुटकेचा असा निःश्वास टाकला, की कांद्याचा भाव वाढला तरी टाकला नसता. जाताना तो भाऊसाहेबांच्या पाया पडला. सिस्टरांच्या पडायची त्याची हिंमत झाली नसावी.

मी मात्र शिकत होतो, असा माझा समज होता. सिस्टरांनी बरं केलेलं माझं रीळ मी एकदा धरणावरून परतताना स्कूटरच्या मागे ठेवलं आणि स्कूटर मागे घेतली. कवच चेपलं, स्पूल सपाट झालं. टेबलावर ठेवल्यावर सिस्टरांनी फक्त घड्याळात पाहिलं, मृत्यूची वेळ नोंदवताना पाहतात तसं. मग उघडून म्हणाल्या, “आतलं दातेरी चाक धडधाकट हाय. ठिवा. कुनाच्या तरी कामी यील.”

ते ज्याच्या कामी येणार होतं ते रीळ त्याच खोलीत कपाटावर होतं.

भाऊसाहेबांचं स्वतःचं रीळ. माझ्याच बनावटीचं, फक्त जुनं. धरणाच्या कामावर आलेल्या एका साहेबाने जाताना त्यांना दिलेलं. त्याला हात लावायची सोय नव्हती. सिस्टरांनी ते एकदा खाली काढलं होतं, तेव्हा भाऊसाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन दिवस घास घेतला नव्हता. दुसऱ्यांची रिळं चालतील. आपलं नाही. आपलं म्हणजे संपलेलं.

पण त्या थंडीत त्यांचं बोट आळसायला लागलं. पास-नापास दोन्ही कमी झालं. एका दुपारी सिस्टर दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत पातेल्यांवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “शेठ, आता दुसऱ्यांच्या रिळानं भागत न्हाई. त्यांचंच करायचं. मूठ उजवीकडची डावीकडं घ्यायची, म्हंजे डाव्या हातानं फिरंल. पन माज्या टेबलावर न्हाई जमायचं. तुमच्या घरी करू.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भाऊसाहेब झोपले असताना, सिस्टर पांढऱ्या कापडात बांधलेला ट्रे घेऊन आमच्या गल्लीत शिरल्या, तरातरा माडी चढल्या आणि वरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “शोभाताई, पानी उकळाय ठिवा!”

बाजारपेठेने याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. आमची थोरली मुलगी तेव्हा कॉलेजात होती. शेजारच्या काकू धावत वर आल्या. त्यांना दारात पाहून शोभाने कपाळावर हात मारून घेतला. काकू खालच्या आवाजात मला म्हणाल्या, “आवो, या वयात? डिंकाचे लाडू करू का?” नंतर आठवडाभर लोक दुकानात येऊन काहीही न घेता माझ्याकडे कौतुकाने पाहून जात होते.

मूठ काढायचं काम सिस्टरांनी माझ्याकडे दिलं. मी स्क्रू नेहमीसारखा फिरवला. हलेना. जोर लावला. सिस्टरांनी चिमट्याने माझ्या मनगटावर मारलं. “त्या बाजूचे आटे उलटे असत्यात! जेवडा जोर लावाल तेवडं आवळंल. न्हाई म्हणतंय तर ईचारावं, का न्हाई म्हणतंय.” त्यांनी उलटं फिरवलं. दोन बोटांनी निघालं.

झाकण काढलं आणि सिस्टर थांबल्या. मोठ्या दातेरी चाकाचा एक दाता अर्धा तुटलेला होता.

“म्हंजे खरं व्हतं तर,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय?”

“लग्नाकार्यात, सणावाराला, सारखं सांगायचे. माणिकडोहाला एक खडस मासा लागला व्हता, वासराएवडा. एवडा वडला, एवडा वडला, की रिळाचा दात तुटला, पर सोडला न्हाई. शेवटी गळाची तंगुसाची दोरीच तुटली. मी म्हणायची, दात तंबाखूनं तुटलाय तुमचा, रिळाचा न्हाई. सगळी हसायची.” त्यांनी ते चाक उजेडात धरलं. “जन्मभर थापाच समजत आले मी.”

पण टेबलावर सिस्टर म्हणजे सिस्टर. तुटलेलं आत ठेवायचं नाही. त्यांनी ते चाक बाजूला टाकलं आणि माझ्या मेलेल्या रिळाचं धडधाकट चाक बसवलं. मूठ डावीकडे आली. मी फिरवून पाहिलं. असं रीळ मी आजतागायत ऐकलेलं नाही. आवाज होता की नव्हता, एवढीच शंका यायची.

सिस्टर हात धुवायला गेल्या तेव्हा मी ते तुटक्या दात्याचं चाक खिशात टाकलं. नियम मोडला, मान्य. पण वासराएवढ्या माशाचा पुरावा केरात जावा, हे माझ्यासारख्या पँटी धरणाऱ्याला कसं पटावं?

संध्याकाळी सिस्टर नेहमीसारख्या भाऊसाहेबांच्या मागे उभ्या राहिल्या. कुणाचं रीळ, काय, सांगितलं नाही. कानाशी धरलं आणि फिरवलं.

भाऊसाहेबांनी मान जराशी वर केली. ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग बोट आडवं हललं.

सिस्टरांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा आडवं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. नापास? त्या रिळात नापास करायला काही उरलेलंच नव्हतं! “आवो, काय चुकलंय? काय आयकू येतंय?” सिस्टरांनी खाली वाकून विचारलं.

भाऊसाहेबांचे ओठ हलले. अर्धे हलले, अर्धे जागेवर राहिले. कपाळावरची शीर फुगली. आणि तोंडातून आवाज आला.

“टक्.”

त्यांनी डावं बोट हवेत गोल फिरवलं, एक फेरा, आणि पुन्हा म्हणाले, “टक्.”

आवाजात जे होतं ते चुकलेलं नव्हतं. जे नव्हतं ते चुकलं होतं. त्यांनी आपलं रीळ न बघता ओळखलं होतं आणि तुटक्या दात्याचा तो ठोका नाही, म्हणून परत केलं होतं.

सिस्टर टेबलापाशी बसल्या. “मी टाकून दिलं,” म्हणाल्या. “जे तुटलं ते टाकायचं, एवडंच शिकले मी. शेठ, तुमच्या घरचा केर…”

मी खिशात हात घातला आणि ते चाक चादरीवर ठेवलं.

त्यांनी त्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिव्या खायची माझी तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, “हात धुवून या. कोपरापतूर.”

त्या संध्याकाळी त्या बाईंनी जे केलं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पिशवीत हात घालून त्यांनी धडधाकट चाक बाहेर काढलं आणि तुटकं आत बसवलं. ज्या हातांनी साऱ्या तालुक्यातली खरखर घालवली, ते हात एक खोट परत जागेवर ठेवत होते, आणि तितक्याच हळुवारपणे. त्या दात्याला ग्रीस लावताना त्यांनी काडीवरचा कापूस बदलला. आम्ही दोघांनी मोठ्याने म्हटलं, “ट्रे रिकामा.” माझा आवाज मधेच चिरकला, पण तो माझ्या नेहमीच्या गलथानपणात मोजावा.

रीळ कानाशी गेलं. सुर्रर्र, टक्. सुर्रर्र, टक्.

भाऊसाहेबांचं बोट वर-खाली झालं नाही. त्याऐवजी सगळा हातच वर आला, चाचपडत मागे गेला आणि मुठीवर बसला. सिस्टरांनी आपला हात काढून घेतला.

उन्हाळा लागायच्या आधी, एका सकाळी, आम्ही त्यांना माणिकडोहला नेलं. ओळखीची जीप, दुकानातली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीच्या हाताला रुंद बँडेजने बांधलेली काठी. ते बँडेज सिस्टरांनी असं गुंडाळलं होतं, की काठीचं हाड मोडलं असावं. गळ मी फेकला. पहिल्यांदा माझ्या टोपीसकट गेला. भाऊसाहेब हसले. अर्ध्या चेहऱ्याने, पण हसले, आणि बोट आडवं हलवलं. नापास.

दुसऱ्यांदा गळ बरा पडला. भाऊसाहेब डाव्या हाताने मूठ फिरवायला लागले. सावकाश, पण स्वतः.

मी टोपी शोधत काठाकाठाने लांब गेलो आणि चढावरून मागे वळून पाहिलं. सिस्टर खुर्चीशेजारी मातीत बसल्या होत्या. ती कडक इस्त्रीची साडी, ते पिनेचं घड्याळ, सगळं मातीत. डोकं खुर्चीच्या हाताला टेकलेलं, कान रिळाशी. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

भाऊसाहेब दमून थांबले. वारा पडलेला होता, त्यामुळे सिस्टरांचं बोलणं मला इतक्या लांबून ऐकू आलं.

“फिरवा की,” सिस्टर म्हणाल्या. “आयकतीय मी.”